कॅटेकिझमचा तास आणि मॉरल सायन्सचा तास: एक वर्ग दोन ठिकाणी का बसतो

मुंबईत, वसईत किंवा पुण्यात जे कोणी कॅथलिक हायस्कूलमध्ये शिकलेत त्यांना हे नवीन नाही. आठवी-नववीच्या टाइमटेबलमध्ये एक तास असा असतो की बेल झाली की ख्रिश्चन मुलं कॅटेकिझमचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं, पुस्तक घेऊन उठतात आणि शेजारच्या वर्गात जातात, बाकीचे जागेवरच बसून मॉरल सायन्सचं, म्हणजे नीतिशिक्षणाचं, पुस्तक काढतात, तास संपला की सगळे परत एकत्र आणि पुढे गणित. हल्ली या शाळांवर दोन्हीकडून बोललं जातं, काही लोक म्हणतात इथे मुलांना बाटवतात, आणि आमच्याच चर्चमधले काही लोक म्हणतात की शाळेत आता श्रद्धा उरलीच नाही, नुसता रिझल्ट उरलाय. मला वाटतं दोघांनाही ही दोन तासांची व्यवस्था आली कुठून तेच माहीत नसतं, म्हणून जरा मागे जाऊन सगळं लिहितोय.

सुरुवातीला असे दोन तास नव्हतेच. कॅथलिक धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरून मुलांना धर्मशिक्षणाला बोलवायचे, प्रार्थना चालीवर म्हणून घ्यायचे म्हणजे पाठ होतात. पुढे गावोगावी चर्चला लागून ज्या शाळा निघाल्या तिथे वाचन, लेखन, गाणं-वाजवणं आणि धर्म हे सगळं एकच होतं. गोव्यातल्या लोकांच्या हातात व्हायोलिन आलं ते याच शाळांमधून. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये ते गोव्यात राचोलला छापून निघालं, ते पण मुळात शिकवण्यासाठीच, कारण इथल्या लोकांना कथा ऐकायची सवय पुराणातूनच होती हे त्या इंग्लिश माणसाला बरोबर कळलं होतं. वसईत १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावं ख्रिस्तीच राहिली, आणि धर्म घरात, रोझरीत (म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत) आणि चर्चमध्ये टिकला. हायस्कूल वगैरे प्रकार तेव्हा नव्हताच.

हायस्कूल आलं ते ब्रिटिशांच्या काळात, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. १८५० च्या दशकात मुंबईचं मिशन जर्मन जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक संन्यासी संघ) फादरांकडे आलं. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ला अनाथ मुलांसाठी सुरू झालं, माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, फोर्टचं सेंट झेवियर्स १८६९ चं. या शाळा काढल्या कॅथलिक मुलांसाठी, पण शिक्षण चांगलं म्हटल्यावर पारशी, हिंदू, मुस्लिम घरातली मुलंही यायला लागली आणि प्रश्न उभा राहिला की या मुलांचं धर्माच्या तासाला काय करायचं.

तेव्हाची मुंबई या बाबतीत फार सावध होती. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या प्रोटेस्टंट शाळेतल्या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यावरून शहरात प्रचंड गदारोळ झाला, केस कोर्टात गेली. त्यानंतर मुलाला मिशनच्या शाळेत घालताना आईवडील दहादा विचार करणार हे उघड होतं. आणि दुसरीकडे १८५४ चा वूडचा खलिता, म्हणजे ब्रिटिशांचं शिक्षणाचं धोरणपत्र. त्यात ठरलं की सरकारी शाळेत शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, पण खाजगी शाळा ऐहिक विषय चांगले शिकवत असेल तर तिला ग्रँट मिळेल, आणि शाळा धर्म काय शिकवते याकडे इन्स्पेक्टरने बघायचंच नाही. म्हणजे सरकार पैसे देणार भूगोलाचे, गणिताचे, इंग्रजीचे. मग धर्माचा तास आपोआप बाजूला निघाला, त्याची परीक्षा वेगळी, त्याचं बक्षीस वेगळं. माझ्या मते आजचे दोन तास हे या खलित्याचं आणि पालकांच्या त्या भीतीचं मिळून झालेलं अपत्य आहे. त्यात चर्चचा धूर्तपणा नव्हता आणि सरकारची जबरदस्तीही नव्हती.

कॅटेकिझमचा तास तेव्हा कसा असायचा ते पण सांगायला हवं. प्रश्नोत्तरं पाठ करायची, बस. इंग्रजी माध्यमात पहिलाच प्रश्न तुला कोणी निर्माण केलं, उत्तर देवाने मला निर्माण केलं, आणि असे शेकडो प्रश्न. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा आणि त्याआधी कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याची, लाइन, ऑक्टोबरमध्ये रोझरी, वर्षातून एकदा रीट्रीट, म्हणजे फक्त प्रार्थना-चिंतनासाठी काढलेला वेळ. जेझुइट शाळांच्या परंपरेत मुलं वहीच्या पानावर वरती ए.एम.डी.जी. लिहायची, म्हणजे देवाच्या अधिक गौरवासाठी, मग खाली भागाकार असो नाहीतर निबंध. मला ही पद्धत फार आवडते, कारण प्रार्थना त्यात अभ्यासाच्या पानावरच आहे, तिच्यासाठी वेगळा तास लागत नाही. सोडॅलिटी नावाची विद्यार्थ्यांची संघटना पण जेझुइटांचीच, ती १५६३ ला रोममध्ये सुरू झालेली, तिच्यात प्रार्थना आणि गरिबांची सेवा दोन्ही असायचं.

मधे एक बदल झाला ज्याची फारशी चर्चा होत नाही पण हायस्कूलवर त्याचा मोठा परिणाम झाला. पोप पायस दहावे यांनी १९१० ला सांगितलं की मुलाला सातव्या वर्षाच्या आसपास समज आली की फर्स्ट कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा, द्यावं. त्याआधी ते बरंच उशिरा, दहा-बारा किंवा त्याहून मोठ्या वयात व्हायचं. म्हणजे फर्स्ट कम्युनियनची तयारी, ज्यात आई-बाबांपासून आजीपर्यंत सगळं घर लक्ष घालतं, ती प्रायमरीत गेली आणि हायस्कूलच्या वाट्याला नंतरची वर्षं आली, ज्यात मुलगा प्रश्न विचारायला लागतो आणि पाठ केलेलं उत्तर त्याला पुरत नाही. ही अडचण तेव्हापासूनची आहे, मोबाइलमुळे आलेली नाही.

मग स्वातंत्र्य. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत शाळांमधल्या धर्मशिक्षणावर चर्चा झाली, समितीत फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट सभासद होते, उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिश्चन होते. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं की देशात इतके धर्म आहेत की सरकारी पैशातून सगळ्यांचं शिक्षण देणं शक्यच नाही, पण एखाद्या समाजाने स्वतःच्या शाळेत ते दिलं तर अडवायचंही नाही. यातून कलम २८ आलं. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असलं तरी पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला त्यात किंवा प्रार्थनेत बसवायचं नाही. सोबत कलम ३०, अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क. म्हणजे शंभर वर्षं जी रीत होती तिला कायद्याचा आधार मिळाला.

चर्चच्या आतला बदल मात्र खरोखर उलथापालथ करणारा होता. नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरली, कार्डिनल ग्रेशियस यजमान, पोप पॉल सहावे स्वतः आले, आणि भारतात आलेले ते पहिले पोप. पुढच्याच वर्षी २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, एकाच दिवशी जे कागद काढले त्यातले दोन इथे महत्त्वाचे, एक ख्रिस्ती शिक्षणावर आणि एक इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर. दुसऱ्यात स्पष्ट म्हटलंय की इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आता विचार करा, ज्या ब्रदरने आयुष्यभर प्रश्नोत्तरं घोकून घेतली त्याला हे वाचून वर्गात उभं राहायचं होतं. मिस्सा मराठीत, इंग्रजीत आली. १९६७ ला बंगलोरमध्ये फादर अमलोरपवदास यांनी धर्मशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं, तिथून शिकून आलेले लोक बायबलमधली गोष्ट घेऊन मुलांशी बोलायला लागले, घोकंपट्टी मागे पडली. १९७३ ला जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांना सरळ सांगितलं की आपल्याला इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची आहेत, आणि मग शाळांमधून झोपडपट्टीत शिकवायला जाणं, रुरल कॅम्प वगैरे वाढलं. हे कार्यक्रम सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी असतात, त्यात वर्ग फुटत नाही, आणि मला तरी शाळेचं आध्यात्मिक जीवन सगळ्यात जास्त तिथेच दिसतं.

तोटाही झाला, तो लपवायला नको. फादर, ब्रदर आणि सिस्टर वर्गातून कमी झाले, बऱ्याच ठिकाणी कॅथलिक मुलं मूठभर राहिली, मॉरल सायन्सचं व्हॅल्यू एज्युकेशन झालं आणि दहावीचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याच तासाचा जातो. खरं धर्मशिक्षण आता रविवारी पॅरिशमध्ये, म्हणजे आपापल्या भागातल्या चर्चमध्ये होतं, मिस्सेच्या आधी किंवा नंतर, आणि शिकवतात ते गावातलेच नोकरी करणारे लोक, पगार न घेता. वसईत हे जास्त जिवंत आहे कारण तिथे गाव, चर्च आणि शाळा चालत जायच्या अंतरावर आहेत.

एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणून घ्या, शक्य असेल तर सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी एक प्रार्थनेची खोली ठेवा. पेपरमध्ये याची बातमी अशी आली की जणू चर्चने काही नवीन धोरण आणलं. लादू नका हे तर कलम २८ मध्ये १९५० पासून आहे. नवीन आहे ती खोली. ती नुसती कुलूप लावून ठेवायची खोली होऊ नये, रिसेसमध्ये कोणालाही जाऊन पाच मिनिटं शांत बसता यावं, एवढं तरी प्रत्येक मुख्याध्यापकांनी बघावं.