शो जंपिंग: नवखा घोडा आणि नवखा स्वार

शो जंपिंग, म्हणजे घोड्यावर बसून ओळीने मांडलेल्या अडथळ्यांवरून उड्या घेण्याचा खेळ, १९०० साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं. या नोंदीत फक्त सुरुवातीचं शिक्षण घेतलंय. घोडा आणि स्वार दोघंही कच्चे असतील तर शक्यतो जोडी फोडतात, म्हणजे कच्च्या घोड्यावर मुरलेला स्वार आणि नवख्या स्वाराला जंपिंगमध्ये मुरलेला, शांत घोडा. नाहीतर दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहतात आणि जंपसमोर, म्हणजे अडथळ्यासमोर, भरवसा कोणाचाच नसतो.

आज शिकवतात ती पुढे झुकलेली बैठक इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याची मानतात. त्याआधी स्वार उडीत मागे रेलायचे, पाय पुढे आणि लगाम ताणलेला, त्यामुळे घोड्याला तोंडात हिसका आणि पाठीवर दणका. काप्रिल्लीने रिकिबी आखूड केल्या, वजन पुढे घेतलं आणि घोड्याची मान मोकळी सोडली. साधारण त्याच सुमारास टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी रेसमध्ये पुढे वाकून बसायचा, म्हणून काहीजण श्रेय त्याच्याकडेही नेतात, पण रेस वेगळी आणि अडथळा वेगळा, दोन्ही स्वतंत्र धरणंच बरं. जमिनीलगतच्या पोलांचं (आडव्या दांड्यांचं), म्हणजे कॅव्हलेटीचं, श्रेयही काप्रिल्लीलाच देतात, पण त्याने स्वतः लिहिलेलं फार थोडं आणि त्याची पद्धत पसरली मुख्यतः शिष्यांमुळे, तेव्हा हे श्रेय जरा जपूनच घ्यावं. इटालियनमध्ये कॅव्हलेटी म्हणजे छोटे घोडे. आपणही लाकडी तिकाटण्याला घोडीच म्हणतो.

खरं काम अंतराचं आहे, उंची नंतर येते. ट्रॉटसाठी (दुडक्या चालीसाठी) पोल साधारण १.२ ते १.४ मीटरवर ठेवतात आणि घोड्याची चाल बघून सरकवतात. कँटरची, म्हणजे ट्रॉटपेक्षा वेगवान उड्या घेतल्यासारख्या चालीची, एक ढांग ३.६५ मीटरच्या आसपास धरतात, त्यावरून एका ढांगेचं कॉम्बिनेशन (मध्ये एकच ढांग बसेल असे लागोपाठचे दोन अडथळे) साधारण ७.३ मीटरचं निघतं, कारण उतरणं आणि उडी घेणं मिळून अजून एका ढांगेएवढी जागा खातात. पण कच्चा घोडा ट्रॉटमधून आला तर तेच अंतर ५.५ च्या आसपास आणतात, नाहीतर तो मध्येच एक तोकडं पाऊल टाकतो आणि पोल पाडतो. पहिली जंप बहुतेक वेळा फुलीसारख्या दोन पोलांची असते, मध्यभागी बुटकी, त्यामुळे घोडा आपोआप मधूनच जातो. तळाशी एक पोल किंचित अलीकडे टाकला की उडी कुठून घ्यायची ते त्याला कळतं, तोच जंपच्या पलीकडे गेला तर अंदाज चुकतो. कपाळाच्या अगदी समोरची जागा घोड्याला दिसत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

स्वाराला सुरुवातीला आयाळ धरायला लावतात. हात मागे राहिला की बिट (लगामाचा तोंडातला धातूचा तुकडा) तोंडात रुततं, घोडा ते विसरत नाही, आणि असे चार-दोन हिसके खाल्ले की चांगला घोडाही जंपसमोर थांबायला लागतो, मग लोक म्हणतात घोडा हट्टी आहे.

घोड्याचा सांगाडा पुरा व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, म्हणून तरुण घोड्याच्या उड्या मोजक्याच ठेवतात.

आंतरराष्ट्रीय नियमांत पोल पाडला की ४ पेनल्टी गुण, पहिल्या नकारालाही (घोडा जंपसमोर अडला तर) ४, दुसऱ्या नकाराला बाद. स्वार पडला तरी बाद.