वाफारा आणि नेब्युलायझर: औषध नेमकं कशातून जातं?

“भाऊ, ते दम्याचं रेस्प्यूल द्या, वाफेच्या मशीनमध्ये टाकायचं आहे.” डिसेंबर लागला की नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या औषधाच्या काउंटरवर हे वाक्य येणारच. रेस्प्यूल म्हणजे नेब्युलायझरसाठीच्या पातळ औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी. औषध बरोबर असतं, चिठ्ठीही असते, पण ते जाणार असतं स्टीमरच्या पाण्यात. म्हणजे मोरीत ओतल्यासारखंच.

वाफारा काय ते सांगत बसत नाही. 2021 मध्ये, कोरोनात, तो घराघरात झाला आहे. चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, घसा ओलावतो, बस. फक्त लेकरांना गरम पातेल्यावर वाकवू नका, पोळतात. नेब्युलायझर म्हणजे कॉम्प्रेसर, नळी, औषधाची वाटी, मास्क. दोन्हींतून पांढरं धुकं निघतं, आणि सगळा घोळ त्या धुक्यानं घातला आहे.

खरा फरक आपल्या कूलरला विचारा. उन्हाळा संपल्यावर ताट्या काढल्या की त्यांच्यावर पांढरा कडक थर असतो. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. वाफ पाणी नेते, पाण्यात विरघळलेलं मीठ नेत नाही. स्टीमरमध्ये सालब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) टाकलं की तेच होतं: पाणी वर, औषध तळाशी. मग ओव्याचा, निलगिरीचा वास कसा येतो? त्यांची तेलं स्वतःच उडणारी असतात म्हणून. त्या वासावरूनच लोक धरून चालतात की वाफेत काहीही चढतं.

आता तोच कूलर पाणी फेकायला लागला तर? टीव्हीवर थेंब पडतात, वाळतात आणि पांढरे ठिपके उरतात. थेंबासोबत क्षारही आले! नेब्युलायझरचं काम हे असं आहे. ते औषध उकळत नाही, फोडतं. कॉम्प्रेसरची हवा बारीक भोकातून जोरात सुटते, वाटीतलं औषध वर खेचते, आडोशावर आपटवते आणि त्याचे बारीक थेंब करते. त्यांतले 1 ते 5 मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोलवर पोचतात. वाफ बहुतेक नाका-घशातच निवून पाणी होते. आणि काही उकळत नाही म्हणूनच नेब्युलायझरचं धुकं गार लागतं. “मशीन गरमच होत नाही, बदलून द्या,” म्हणणाऱ्या काकू मला दर हिवाळ्यात भेटतात.

(वेप म्हणजे ई-सिगारेट ओढणारी पोरंही ‘नुसती वाफच तर आहे’ म्हणतात. ती पाण्याची वाफ नव्हेच. तापलेल्या कॉइलवर ग्लिसरीनसारखा द्रव उडतो, लगेच निवून त्याचे थेंब होतात, निकोटिन त्यांच्यासोबत आत. आणि 2019 च्या कायद्यानं आपल्याकडे त्याची विक्री बंद आहे.)

उलटी चूक मला जास्त चीड आणते: नेब्युलायझरच्या वाटीत निलगिरीचं तेल किंवा बाम. अरे, तेलाचे थेंब थेट फुप्फुसात पाठवताय! तिथे सूज येते. नळाचं पाणीही नको. त्यातले जंतू आत जातात आणि साध्या पाण्यानं श्वासनळ्या आकसू शकतात. औषध पातळ करायला सांगितलं असेल तर सीलबंद 0.9 टक्के सलाईनच.

बाकी किरकोळ. ताठ बसा, मास्क चेहऱ्याला टेकवून धरा. झोपलेल्या लेकराच्या तोंडासमोर लांबून धरला तर बरंचसं औषध खोलीला मिळतं. वाटी फडफडायला लागली की औषध संपत आलं, टिचकी मारा. बुडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड) घेतल्यावर चूळ भरा, चेहरा पुसा. वाटी दर वेळी धुऊन वाळवा. लोक माझ्याकडे ज्या चिकट वाट्या दाखवायला आणतात, त्यांना मी हात लावत नाही.

घरी नेब्युलायझर नसेल तर रेस्प्यूल नेऊच नका. डॉक्टरांना पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायच्या नळकांड्याचं, म्हणजे स्पेसरचं विचारा. मला तर रोजच्यासाठी तोच जास्त पटतो, वीज गेली तरी चालतो. आणि दम लागून पेशंटला बोलताही येत नसेल, तर दुकानात येऊ नका. थेट दवाखाना गाठा.