फायबर सडत नाही, मग हॅच का दबतं?

"फायबर कधी सडत नाही जी!" कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारा आमचा नागपूरचा कारागीर छातीठोकपणे म्हणाला. समोर मित्राने हौसेने घेतलेली जुनी बोट. डेकवरच्या हॅचवर, म्हणजे खालच्या कप्प्याच्या झाकणावर, पाय ठेवला की ते गादीसारखं दबायचं. कारागीर चुकला नव्हता. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना घट्ट धरणारं रेझिन, म्हणजे कडक होणारा चिकट द्रव. ही दोन्ही सडत नाहीत. सडलं होतं पोटातलं लाकूड.

असं झाकण सँडविचसारखं असतं. वर-खाली फायबर, मध्ये बाल्सा (एक अगदी हलकं लाकूड) किंवा प्लायवूड. आता थोडं गणित, मला ते फार आवडतं. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीचं अख्खं फायबर घेतलं तर घन २१६. तेच चिरून ३-३ मिमीचे दोन थर करा आणि मध्ये १२ मिमी लाकूड भरा. एकूण जाडी १८, तिचा घन ५८३२. त्यातून मधल्या १२ चा घन, १७२८, वजा. उरले ४१०४. फायबर तेवढंच, ताठपणा १९ पट! लाकडाचा स्वतःचा ताठपणा तर धरलाच नाही.

पण अट एकच, दोन्ही थर एकमेकांवर सरकता कामा नयेत. शंभर पानी वही वाकवून बघा, कडेला पानांच्या पायऱ्या दिसतील. तीच वही डिंकाने पान न् पान चिकटवली तर वाकवताना घाम फुटेल. मधलं लाकूड हा आपला डिंक. ते कुजून सुटलं की उरतात ३ मिमीचे दोन सुटे पत्रे. २७ अधिक २७, म्हणजे फक्त ५४. ४१०४ वरून ५४! ७६ पट घसरण, आणि वरून रंग मात्र झकास.

पाणी शिरतं बिजागरीच्या स्क्रूच्या भोकांतून. लाकडात कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त ओल टिकली की बुरशीची चंगळ. नाण्याने ठोकत जा. चांगल्या भागात टणटण, कुजलेल्यात भद्द.

बारीक भोकं पाडून सुईने इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारं रेझिन) भरा, असं सांगणारे बरेच भेटतात. ओल्या लाकडात रेझिन मुरतच नाही, पैसे पाण्यात. झाकण उलटं करून आतली बाजूच कापायची, कुजकं खरवडायचं, उरलेलं खडखडीत वाळवायचं (नागपूरचं ऊन इथे फुकट मिळतं), नवं मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) इपॉक्सीत बसवायचं आणि कापलेला थर परत चिकटवायचा. फक्त मे महिन्यात भर दुपारी नको. दर १० अंशांना इपॉक्सीची क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. २५ अंशांना ३० मिनिटं टिकणारं मिश्रण ४५ ला सात-आठ मिनिटांत घट्ट. मगात ढीग ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेने धूरही काढेल, म्हणून पसरट ताटलीत ओता.

स्क्रूचं भोक मुद्दाम मोठं पाडून इपॉक्सीने बुजवायचं आणि ते कडक झालं की मधोमध नवं बारीक भोक. मग पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

काम झाल्यावर मित्राने नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची आणली आणि टांगायला झाकणातच खिळा ठोकायला निघाला. हातोडी काढून घेतली. दोऱ्याने हँडलला बांध म्हटलं.