एनडी-याग लेझर घेतलात? चालू करण्याआधी हे वाचा

आमचा माणूस येऊन लेझर बसवतो, पॉवर मोजून दाखवतो, चलनावर सही घेतो आणि जातो. पुढे त्या खोलीत तुम्ही आणि लेझर. मशीनबरोबरचं जाड पुस्तक कपाटात जातं, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिलंय. म्हणून हे एक पान. ऑप्टिकल टेबलाशेजारच्या भिंतीवर चिकटवा.

तुम्ही घेतलेला क्यू-स्विच्ड (साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारा) लेझर १०६४ नॅनोमीटरचा आहे, म्हणजे त्याचा बीम डोळ्यांना दिसत नाही. एका पल्समध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्यात, साधारण १०० मिलिज्यूल ऊर्जा असते आणि ती १० नॅनोसेकंदांत बाहेर पडते. भागाकार करून पाहा, तेवढ्या क्षणापुरती १ कोटी वॅट पॉवर होते. धोक्याच्या वर्गवारीत हा सर्वांत वरच्या, चौथ्या वर्गातला लेझर.

दिसत नाही म्हणजे सौम्य असेल, असा समज असतो. खरं उलट आहे. १०६४चा प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याचं भिंग तो आत सोडतं आणि मागच्या पडद्यावर बारीकशा ठिपक्यात गोळा करतं. बाहुलीपाशी असलेली तीव्रता पडद्यापर्यंत सुमारे १ लाख पटींनी वाढते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, पल्स त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. शिवाय या पडद्याला वेदना कळत नाहीत. ज्यांना हा अपघात झाला त्यांतले काही जण सांगतात की डोळ्यात ‘टक्’ असं काहीतरी वाजलं, आणि मग बघतील तिथे मधोमध काळा डाग. जळालेला भाग पुन्हा भरून येत नाही.

थेट बीममध्ये जाणूनबुजून कुणी डोळा घालत नाही. घात करतो तो भटका बीम. कोटिंग नसलेली साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. १०० मिलिज्यूलचे ४ टक्के म्हणजे ४ मिलिज्यूल. डोळ्याला सोसवणारी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोज्यूल इतकीच आहे. तो बारीक बीम अख्खा बाहुलीत शिरला, तर ही ‘चिल्लर’ मर्यादेच्या हजार पटींहून जास्त भरते. म्हणून हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या, आयकार्डाची चकचकीत क्लिप, सगळं दाराबाहेर काढून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरची दांडी बीमच्या वाटेत येऊ देऊ नका. आणि काळ्या रंगावर विश्वास टाकू नका. काळं ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम आपल्याला काळं दिसतं, पण १०६४ला ते बऱ्यापैकी चमकदार असू शकतं. बीम थांबवायला बीम डंपच (बीम गिळून टाकणारा सापळा) लावा, हाताला लागलेला काळा पत्रा नको.

आता गॉगल. लेझरला काही लाख मोजणारे ग्राहक गॉगलपाशी येऊन घासाघीस करतात, हे आम्हाला अजून उमजलेलं नाही. गॉगल मशीनचा नसतो, तरंगलांबीचा असतो. त्यावर दोन आकडे छापलेले असतात, कोणत्या नॅनोमीटरसाठी आणि ओडी (प्रकाश किती अडवतो त्याचं माप) किती. ओडी ६ म्हणजे दहा लाखांतला एक भाग आत येतो, ओडी ७ म्हणजे कोटीतला एक. काचेच्या गडदपणावरून काहीही ठरत नाही. १०६४चा गॉगल कधी कधी इतका फिका असतो, की साधा चष्माच वाटावा. पुढेमागे क्रिस्टल बसवून ५३२चा हिरवा बीम काढलात, तर हा गॉगल तो हिरवा सरळ आत सोडेल. आणि हिरव्याबरोबर उरलेला १०६४ही बाहेर येत असतो, तेव्हा दोन्ही अडवणारा गॉगल घ्या. काच ॲसिटोनने पुसू नका, तिचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक खराब होतं. गॉगल लावून बीममध्ये बघायचं, असंही नाही.

गॉगल डोळ्यांवरून निघतो तो अलाइनमेंटच्या, म्हणजे आरसे जुळवून बीम वाटेवर आणायच्या वेळी. ‘ठिपका दिसत नाही, एक मिनिट काढतो.’ या एका मिनिटासाठीच हे पान लिहिलंय. अलाइनमेंट करताना ऊर्जा अगदी खाली आणा. शक्य तिथे आधी कमी पॉवरचा लाल लेझर त्याच वाटेवर लावून आरसे जुळवा. १०६४चा ठिपका आयआर कार्डावर (अदृश्य बीम पडला की तिथे उजळणारं कार्ड) दिसतो. एटीएमच्या पावतीचा थर्मल कागदही चालतो, त्यावर काळा डाग उमटतो. मात्र पावती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर उडालेली काजळी आरशांवर बसते. पिशवी चकाकते, म्हणून ती किंचित खाली कलती धरा. टेबलावर स्क्रू पडला तर आधी शटर बंद, मग वाका. वाकलं की डोळे नेमके बीमच्या उंचीला येतात.

एका प्रयोगशाळेत दुरुस्तीला गेलो, तर दाराच्या इंटरलॉकवर (दार उघडताच लेझर बंद करणारा स्विच) चिकटपट्टी मारलेली. का, तर चहावाले काका आत आले की लेझर बंद पडतो! आम्ही पट्टी काढली आणि चहाचं टेबल बाहेर मांडून दिलं.

लेझरच्या कामात माणसं दगावली आहेत ती विजेच्या धक्क्याने. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) स्विच बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात. ते झाकण तुम्ही उघडायचं नाही. अर्थिंग मात्र तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि थंड पाण्याच्या नळीतून गळती दिसली तर लेझर लावूच नका.

काम सुरू करण्याआधी प्रत्येकाची डोळे-तपासणी करून अहवाल फाइलला लावा. डोळ्यात बीम गेल्याचा नुसता संशय आला तरी लेझर बंद करा, डोळा चोळू नका आणि त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. जाताना कागदावर लिहून न्या: १०६४ की ५३२, पल्सची ऊर्जा किती, पल्स किती नॅनोसेकंदांची. डॉक्टर हेच विचारतील. डोळा दाखवून झाला की आम्हालाही फोन करा. आम्ही येऊन तपासेपर्यंत टेबलावरचं काहीही हलवू नका, बीम कुठून भटकला ते त्यावरूनच कळतं.