रोजंदारीच्या घराला नेहमीचा डॉक्टर का मिळत नाही

उच्च रक्तदाब आहे की नाही, हे एकदा मोजून ठरत नाही. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली आणि दंड हृदयाच्या उंचीवर ठेवायचा, आणि किमान दोन वेगवेगळ्या दिवशी दाब 140/90 किंवा त्याहून जास्त भरला तर निदान पक्कं धरायचं. उपचार पुढेच राहिले, नुसत्या निदानासाठीही माणसाने पुन्हा यावं लागतं आणि त्याचा पहिला आकडा कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. खोकल्याचंही असंच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकीची तपासणी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण पेशंट पहिल्या आठवड्यात एका दवाखान्यात, दुसऱ्यात दुसऱ्या आणि चौथ्यात तिसऱ्या दवाखान्यात गेला, तर आठवडे मोजणार कोण? प्रत्येकासमोर तो नवाच पेशंट असतो.

नेहमीचा डॉक्टर असणं म्हणजे हे मोजणारं, लिहून ठेवणारं ठिकाण असणं. घरात पैसे किती येतात आणि कसे येतात, यावर ते मिळणं फार अवलंबून असतं.

नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगाऱ्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. मजुरी दिवसाला 600 रुपये, महिन्यात 20 दिवस काम, म्हणजे 12,000. रक्तदाबासाठी खासगी डॉक्टरची फी 200, महिनाभराच्या गोळ्या 150, रिक्षा 60. हे झाले 410. पण सकाळी आठला नाक्यावर नसला तर त्याचा दिवसच बुडतो, अर्धी मजुरी असा प्रकार तिथे नाही. म्हणून एका फेरीची खरी किंमत 1,010 रुपये, आणि त्यात डॉक्टरची फी जेमतेम पाचवा हिस्सा. आता तोच माणूस सकाळच्या ओपीडीला सरकारी केंद्रात गेला असं धरा. केसपेपर फुकट, गोळ्या फुकट, तरी 600 रुपये गेलेच. पगारी नोकरी करणारा माणूस तेवढ्याच कामासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि त्याचा पगार जसाच्या तसा राहतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, हे चांगलंच झालं. पण बुडालेली मजुरी त्या निर्णयात येत नाही.

म्हणून वस्तीतला रात्री दहापर्यंत उघडा असणारा दवाखाना लोकांना जवळचा वाटतो. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, भरती न होता घेतलेल्या उपचारांपैकी सुमारे 30 टक्केच सरकारी ठिकाणी घेतलेले दिसले. यामागे लोकांचं अज्ञान आहे असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांचा वेळेचा हिशेब बरोबर असतो.

त्या दवाखान्यात काय मिळतं, ते नीट पाहायला हवं. फीमध्येच दोन दिवसांचं औषध, कागदी पुडीत. पांढरी गोळी, गुलाबी गोळी, एक अर्धी तोडलेली. पुडीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. आत बहुधा वेदनाशामक, एक अॅसिडिटीची गोळी, कधी अँटिबायोटिक, कधी स्टेरॉइड. रोज संध्याकाळी हातात पैसे पडणाऱ्या घराला दोन दिवसांचं औषध परवडतं, तीस दिवसांचं एकदम नाही. उद्या कामावर उभं राहता यावं एवढीच पेशंटची मागणी असते आणि डॉक्टर ती पुरवतो. त्यालाही गाळ्याचं भाडं द्यायचं असतं.

घोटाळा पुढे होतो. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं वरचेवर घेतली की अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. कंबरदुखीसाठी महिन्यातून चारदा पुडी घेणाऱ्याचा दाब कुणी मोजलेला नसतो. मोजला तरी लिहिलेला नसतो. दुसऱ्या डॉक्टरला आधीच्या पुडीत काय होतं ते कळायला मार्ग नाही. टीबीच्या बाबतीत फ्लुरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक असंच दिलं गेलं तर काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

उधारीचाही इथे हात असतो. ओळखीचा डॉक्टर खातं ठेवतो, पण बाकी वाढली की माणूस त्याच्या दारावरून जायलाही संकोचतो आणि वेगळा दवाखाना धरतो. भाड्याची खोली बदलली की तेच. ऊसतोड कामगार तर वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असतो. आजार त्याच्याबरोबर जातो, केसपेपर गावात राहतो.

फी लावली तर लोक निदान अनावश्यक चकरा तरी टाळतील, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. अमेरिकेत रँड संस्थेने सत्तरच्या दशकात हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या विमा योजनांत घातलं आणि ही गोष्ट तपासली. पैसे भरावे लागले तेव्हा लोकांनी बिनगरजेचे उपचार कमी केले खरे, पण गरजेचेही जवळपास तेवढेच कमी केले. सर्वसाधारण लोकांच्या तब्येतीवर फारसा परिणाम दिसला नाही. मात्र गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्यांना मोफत सेवेचा फायदा स्पष्ट झाला, त्यांचा दाब जास्त आटोक्यात राहिला. कोणती चकर आवश्यक आहे हे पेशंटला आधी कळत नाही. वाढलेला दाब तर दुखतही नाही.

एकाच डॉक्टरकडे राहिल्याने किती फरक पडतो, याचा मोठा पुरावा नॉर्वेतला आहे. तिथे 2001 पासून प्रत्येक रहिवाशाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो, आणि वर्षभरात खिशातून किती जावेत यावर मर्यादा असते. सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असं आढळलं की 15 वर्षांहून जास्त काळ तोच डॉक्टर असलेल्यांत, वर्षभरच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी धावाधाव, तातडीची भरती आणि मृत्यू 25 ते 30 टक्क्यांनी कमी होते. अशा पाहणीतून कारण पूर्ण सिद्ध होत नाही, पण वर्षं वाढत गेली तसतसा फायदा पायरीपायरीने वाढत गेला, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आपल्याकडे संरक्षण आहे ते मुख्यतः भरतीसाठी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. डायलिसिसही मिळतं. मूत्रपिंड निकामी होण्याआधीची पंधरा वर्षं ज्या ओपीडीत जायला हवी होती, तिचा खर्च मात्र त्यात येत नाही. माझ्या मते ही सगळ्यात महाग चूक आहे.

राज्य कामगार विमा योजनेत ओपीडी येते. कामगार आणि त्याचं कुटुंब ठरावीक दवाखान्याला किंवा पॅनेलवरच्या डॉक्टरला जोडलं जातं, म्हणजे नेहमीचा डॉक्टर कागदावर तरी मिळतो. पण महिन्याचं वेतन 21,000 रुपयांपर्यंतच असावं लागतं. पगार त्यापुढे गेला की काही काळ सवलत राहते, मग दवाखाना आणि त्यातला जुना केसपेपर दोन्ही सुटतात. नाक्यावरचे मजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका यात नाहीतच.

काय केल्याने जमतं, हेही माहीत आहे. 2018 मध्ये पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची पद्धत अगदी साधी होती: पहिलं औषध सगळ्यांना ठरलेलं, 30 दिवसांच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाची नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचा अंमल हळूहळू उतरतो, एखादी गोळी चुकली तर लगेच बिघडत नाही. आठवडाभर बंद राहिली की दाब पुन्हा चढतो आणि माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणून तो फोन औषधाइतकाच महत्त्वाचा.

कमी उत्पन्नाच्या घराला आज करता येण्यासारखं बरंच आहे. तिशीनंतरच्या तपासणीसाठी आशाताई फॉर्म भरून घेतात, तेव्हा नाव नोंदवून घ्यावं. डॉक्टरांनी एकदा औषध ठरवलं की दर महिन्याच्या गोळ्या जवळच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळू शकतात, त्यासाठी दरवेळी तालुक्याला जायची गरज नसते. शहरात सरकारी ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत चालवायचं ठरलेलं आहे, मजुरी न बुडवता जायला ती वेळ सोयीची. एक दोनशेपानी वही घ्यावी. प्रत्येक फेरीची तारीख, दाब, साखर आणि औषधाचं नाव त्यात लिहून घ्यावं, आणि डॉक्टर बदलला तरी वही तीच ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रावरचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरलेली सरकारी सेवा करणारे, डॉक्टर वर्षभरात बदलतात, त्यामुळे ही काळजी तिथेही लागते. पुडी दिली तर आतल्या औषधांची नावं कागदावर मागावीत, आणि आपल्याला रक्तदाब आहे हे दुखणं सांगण्याआधीच सांगावं. खासगी डॉक्टरकडेच जायचं असेल तर चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्यावी. जनऔषधी केंद्रात अॅम्लोडिपिनच्या 10 गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते, म्हणजे वरच्या हिशेबातल्या गोळ्यांचे 150 रुपये तिशीच्या आत येतात.