टेबलावरच्या रणगाड्याची मापं आणि रंग

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या प्रतिकृतींनी लढाया खेळण्यासाठी, रणगाड्याचं किट निवडताना पहिला प्रश्न मापाचा येतो. १/३५, १/४८, १/५६, १/७२, १/७६, १/८७, १/१००, १/२८५. १/३५ म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती. बंदुकीची नळी पुढे असताना जर्मनीचा खरा टायगर रणगाडा साधारण साडेआठ मीटर लांब भरतो. तोच टायगर १/३५ मध्ये २४ सेंटीमीटरचा होतो, १/५६ मध्ये १५चा, आणि १/२८५ मध्ये जेमतेम तीनचा. एकाच गाडीची इतकी मापं का झाली, याचं उत्तर युद्धापेक्षा कारखान्यांच्या इतिहासात जास्त सापडतं.

सुरुवात इंग्रज लेखक एच. जी. वेल्सपासून करायला हवी. १९०३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांची एक कथा आली होती. तिच्यात जमिनीवर चालणाऱ्या प्रचंड चिलखती युद्धयंत्रांची कल्पना होती. दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, त्यांनीच ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. पण त्या नियमांत पायदळ, घोडदळ आणि तोफा एवढंच आहे, चिलखती यंत्र नाही. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडायचा, त्याने सैनिक आडवा पडायचा, आणि पडला तो मेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर खरे रणगाडे उतरले तेव्हा हा हिशेब अपुरा ठरला. लाकडी गोळ्याने रणगाडा पडत नाही. चिलखत किती जाड, गोळा किती अंतरावरून आणि समोरून लागला की बाजूने, हे सगळं ठरवायला फासे आणि तक्ते हवेत. डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ साली वॉरगेमिंगवरचं आपलं पुस्तक काढलं तेव्हा त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या लढायांसाठीही नियम होते. ते स्वतः त्या युद्धात रॉयल टँक रेजिमेंटमध्ये होते.

नियम झाले, पण गाड्या कुठून आणायच्या? डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या १९३३च्या पहिल्या संचात एक छोटा रणगाडा होता खरा, पण ते खेळणं होतं. खरा बदल प्लास्टिकने घडवला. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने १९५९ पासून स्वस्त प्लास्टिक सैनिकांच्या पेट्या काढल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पँथर, शर्मन, चर्चिल हे रणगाडे आणले, तेही १/७६ मध्ये. हे माप आलं मॉडेल रेल्वेतून. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा आकाराने लहान. १/८७च्या रुळांवर चालणाऱ्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात मोटर मावेना, म्हणून रूळ तेच ठेवून इंजिन थोडं मोठं केलं गेलं. ते झालं १/७६. ऑस्ट्रियाच्या रोकोने आपले मिनिटँक १/८७ मध्येच ठेवले, तेही रेल्वेच्याच मापात.

१/३५ची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथरचं किट केलं ते मोटरवर चालणारं होतं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा रणगाडा आखला, आणि नंतर मोजलं तर ते माप १/३५च्या आसपास निघालं. म्हणजे टेबलावर हाताने सरकवल्या जाणाऱ्या रणगाड्यांची दोन मोठी मापं दोन मोटरींनी ठरवली, एक इंजिनातली आणि दुसरी रणगाड्यातली.

वॉरगेमिंगने स्वतःची मापं घडवली ती नंतर, आणि त्यामागे अंतराची अडचण होती. खऱ्या रणांगणावरचे १,००० मीटर १/५६ मध्ये जवळपास १८ मीटर होतात, म्हणजे टेबल नव्हे तर अख्खं सभागृह लागेल. अमेरिकेत जीएचक्यू या कंपनीने १/२८५चे धातूचे रणगाडे काढले. त्या मापात तेच अंतर साडेतीन मीटरवर येतं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याने अधिकाऱ्यांच्या सरावासाठी ‘डन-केम्फ’ नावाचा खेळ तयार केला, तो याच मापाचे रणगाडे घेऊन.

दुसरी वाट सैनिकाच्या उंचीची. आधी २८ मिमीचा सैनिक घ्यायचा आणि त्याच्याशेजारी शोभेल असा रणगाडा करायचा. त्यातून १/५६ आलं. १५ मिमीच्या सैनिकासाठी १/१०० आलं. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंट कंपनीचा ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ हा खेळ १/१०० वर उभा राहिला आणि २०१२ मध्ये आलेल्या ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ या खेळामुळे १/५६चे प्लास्टिक रणगाडे सर्रास मिळू लागले. इथे अंतराचा खरेपणा सोडून दिलेला आहे. माझ्या मते तो सौदा योग्यच आहे, कारण खेळणाऱ्याला गाडी दिसायला हवी असते. काल्पनिक युद्धांतही हेच झालं. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ १९८७ मध्ये आला तेव्हा डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा करायचा हे तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपनेच खेळाडूंना दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी ‘ऱ्हायनो’ या वाहनाचं प्लास्टिक किट आलं.

रंगाचा इतिहास थेट रणांगणातून येतो. १९१६च्या ब्रिटिश रणगाड्यांना लपवणारी रंगीत नक्षी चित्रकार सॉलोमन जे. सॉलोमन यांनी आखली होती, पण चिखलात ती सगळीच बुडाली आणि सैन्याने लवकरच साधा तपकिरी रंग पत्करला. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन गाड्या कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघू लागल्या. हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग लेपाच्या रूपात तुकड्यांना मिळायचा. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून तुकडीतच मारायचे. त्यामुळे दोन गाड्या सारख्या दिसत नसत, आणि ‘अचूक’ छटेवरून वाद घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मॉडेल रणांगणात वापरून जुनं झाल्यासारखं दाखवायची भाषा १९७०च्या दशकात घडली. अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रशिंग घराघरांत पोचवलं. पातळ गडद रंग खाचांत उतरवायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. खेळाच्या टेबलावर हे अजून टिकून आहे, कारण तिथे गाडी हातभर अंतरावरून पाहिली जाते. लहान वस्तूवर नैसर्गिक सावल्या पुरेशा पडत नाहीत, त्या रंगाने द्याव्या लागतात, आणि रणगाडा जितका छोटा तितका रंग उजळ घ्यावा लागतो.

आता थ्रीडी प्रिंटिंगमुळे एकच फाइल हव्या त्या मापात छापता येते, पण जाडीचं गणित तसंच राहतं. अडीच सेंटीमीटर जाडीची मशीनगनची नळी १/१०० मध्ये पाव मिलिमीटर होते आणि पहिल्याच खेळात मोडते. म्हणून वॉरगेमिंगच्या फाइली करणारे नळ्या, हुक आणि हँडल मुद्दाम जाड ठेवतात.