फेसाने कपडे स्वच्छ निघत नाहीत

जितका फेस जास्त तितके कपडे स्वच्छ, ही समजूत मोठ्यांच्या मनात इतकी पक्की असते की मुलंही ती आपसूक उचलतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती धुणं सोपवलं, की ती तिथल्या तिथे तपासता येते.

पांढऱ्या सुती कापडाचे तळहाताएवढे तीन तुकडे घ्या आणि प्रत्येकावर खाद्यतेलाचे दोन थेंब टाका. तीन भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर कोमट पाणी घ्या. पहिल्यात काही घालू नका, दुसऱ्यात अर्धा चमचा धुण्याची पावडर, तिसऱ्यात चार चमचे. पावडर पूर्ण विरघळल्यावरच कापड टाका, नाहीतर कण धाग्यांत अडकतात. १५ मिनिटं भिजवून प्रत्येक तुकडा वीस वेळा चोळायला सांगा. हात सगळीकडे सारखाच चालायला हवा. एखादा तुकडा जास्त चोळला गेला तर तुलनाच राहत नाही. सुकल्यावर तुकडे उजेडासमोर धरा. तेल राहिलं असेल तिथे कापड अर्धपारदर्शक दिसतं.

पावडरच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, तर कार्बनची लांब शेपटी पाणी टाळते आणि तेलात शिरते. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, २५ अंशांना मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. हे रेणू पृष्ठभागावर जमले की तो निम्म्याहून खाली येतो आणि पाणी धाग्यांच्या फटींत घुसतं. मग खरी गंमत होते. धाग्यावर पसरलेला तेलाचा थर कडेने सुटू लागतो, आक्रसतो, गोल थेंब होतो आणि चोळताच निघतो. तेलाने माखलेली काचपट्टी पावडरच्या पाण्यात बुडवली तर हे भिंगाखाली दिसतं. पॉलिस्टर तेलाला सुतापेक्षा घट्ट धरून ठेवतं, म्हणून तिथे डाग हट्टी असतात.

एका ठरावीक प्रमाणानंतर जादा रेणू पाण्यात आपापले पुंजके करतात आणि पृष्ठताण आणखी उतरत नाही. म्हणूनच चार चमच्यांनी आठपट स्वच्छता मिळत नाही. उलट तो तुकडा दोनदा खळबळूनही बुळबुळीत लागतो आणि उरलेली पावडर कापड कडक करते. पुढून उघडणाऱ्या यंत्रांची पावडर तर मुद्दाम कमी फेसाची बनवतात, कारण फेसामुळे कपड्यांची आपटाआपट मंदावते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचे 'जादुई' उपाय मुलांना जरूर करून दाखवा, पण फसफस थांबल्यावर भांड्यात मुख्यतः सोडियम ॲसिटेट या क्षाराचं पाणी उरतं, हेही सांगा. दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केलेलं असतं. क्लोरीनचं ब्लीच मात्र मुलांच्या हाती देऊ नका; त्यात व्हिनेगर पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रक्त, दूध, अंड्याचे डाग आधी थंड पाण्यातच भिजवा. गरम पाण्याने प्रथिनं गोठून धाग्यांत घट्ट बसतात.